कृत्रिम रक्त शोधू नका, खऱ्या रक्ताची सोय आतापासून लावा

पत्र : डॉक्टर, आम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो. दोन वर्षांपूर्वी बायकोचं पहिलं बाळंतपण जवळच्या ग्रामीण रुग्णालयात झालं. बाळ नीट झालं, वार पडली आणि मग रक्त थांबेचना. चार सलाईन लावली. एक महागडी बाटली मेडिकलमधून आणायला लावली, तीही लावली. रक्त तिथे नव्हतंच. १०८ बोलावून जिल्ह्याला नेलं. पोचलो तेव्हा तिचं तोंड सुजलेलं, अंग थंडगार. सिस्टर म्हणाल्या, रक्त गोठतच नाहीये. तीन पिशव्या रक्त आणि चार प्लाझ्मा चढवल्यावर ती वाचली. आता तिला सहावा महिना आहे, हिमोग्लोबिन ९.२ आहे. आई म्हणते, एकदा झालं म्हणजे परत होत नाही. मोबाईलवर पाहिलं की जपानने कृत्रिम रक्त काढलंय, कुठल्याही गटाला चालतं, दोन वर्षं टिकतं. ते मागवता येईल का? कर्ज काढून पैसे भरीन. नाहीतर आमचा दोघांचा गट एकच आहे, ओ पॉझिटिव्ह. माझं रक्त आधीच काढून ठेवता येईल का? आणि खरं सांगा, त्या दिवशी नुसतं सलाईन लावून वेळ घालवला का? नाव छापू नका.

उत्तर :

नाव छापत नाही. आधी तुमच्या आईंच्या बोलण्याविषयी सांगते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. 'एकदा झालं म्हणजे परत होत नाही' हे खरं नाही. ज्या बाईला पहिल्या खेपेला असा रक्तस्राव झाला, तिला पुढच्या खेपेलाही तो होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते. होईलच असं नाही, बहुतेकींना होत नाही. पण तयारी मात्र होणार असं धरूनच करायची. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आवळलं गेलं तर त्या रक्तवाहिन्यांची तोंडं दाबली जातात आणि रक्त थांबतं. ते सैल राहिलं तर काही मिनिटांत लिटरभर रक्त जाऊ शकतं. गरोदर बाईच्या अंगातलं सगळं रक्त धरून पाच लिटरच्या आसपास भरतं. म्हणजे हाताशी किती वेळ असतो ते तुम्हीच पाहा. आईंना दुखवू नका, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकू नका.

आता जपान. तुम्ही पाहिलेली बातमी खोटी नाही, अर्धी आहे. नारा मेडिकल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी हिमोग्लोबिन अतिसूक्ष्म चरबीच्या थैल्यांमध्ये भरून एक द्रव तयार केला आहे. रंगाने तो जांभळा असतो. त्याला रक्तगट नसतो, कारण गट ठरवणारं तांबड्या पेशीचं आवरणच त्यात नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेला चाचणीचा टप्पा निरोगी स्वयंसेवकांना १०० ते ४०० मिलीलिटर देऊन ते सुरक्षित आहे का एवढंच बघण्याचा होता. रक्त वाहून चाललेल्या बाळंतिणीपर्यंत ते आलेलं नाही. विकत मिळत नाही, मागवता येत नाही. कोणी 'आणून देतो' म्हणालं तर तो तुम्हाला लुबाडतोय, कर्ज काढू नका. आणि व्हिडिओवाले एक गोष्ट सांगत नाहीत. त्यातलं हिमोग्लोबिन येतं कुठून? मुदत संपलेल्या, पण माणसांनीच दान केलेल्या रक्तातून.

शास्त्रज्ञ एवढे जपून का चाललेत, तेही सांगायला हवं. कृत्रिम रक्ताची घाई याआधी झालेली आहे आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली आहे. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन बाहेर काढून, शुद्ध करून थेट नसेत दिलं तर ते प्राणवायू वाहून नेतं हे खरं. पण पेशीबाहेरचं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. मग वाहिन्या आवळतात, बीपी चढतं. बीपी चढलेलं दिसतं म्हणून रुग्ण सुधारतोय असं वाटतं, पण आत अवयवांना रक्त कमी पोचत असतं. अमेरिकेत हेमअसिस्ट नावाचं असं द्रावण अपघातातल्या गंभीर जखमींना देऊन पाहिलं, ती चाचणी १९९८ मध्ये मध्येच थांबवावी लागली. ते मिळालेल्या ५२ पैकी २४ जण २८ दिवसांत दगावले. ज्यांना त्याऐवजी साधं सलाईन मिळालं, त्या ४६ पैकी ८. पुढे पॉलीहीम आलं, तेही चाललं नाही, कंपनी २००९ मध्ये बंद पडली. २००८ मध्ये अशा पाच उत्पादनांच्या १६ चाचण्या एकत्र मांडून बघितल्या, तेव्हा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि हार्ट ॲटॅकचा जवळपास पावणेतीन पट. गाईच्या रक्तापासून केलेल्या हेमोप्युअरला २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत परवानगी मिळाली, पण तेही रक्तपेढीची जागा घेऊ शकलेलं नाही. नव्या पिढीचे संशोधक हिमोग्लोबिन थैलीत बंद का करताहेत, ते यावरून कळेल. मला त्यांच्या कामाबद्दल खरोखर आशा आहे. रस्ता नसलेल्या पाड्यावर, फ्रीजशिवाय टिकणारी अशी एक पिशवी असती तर किती बाया वाचल्या असत्या, हा विचार मनातून जात नाही. पण तुमचं बाळ तीन महिन्यांत येणार आहे.

सलाईनबद्दल तुम्ही विचारलंत, त्यात राग आहे आणि तो मला समजतो. तरी स्पष्ट सांगते : पहिलं-दुसरं सलाईन लावणं बरोबरच होतं. रक्त कमी झालं की नळ्या रिकाम्या पडतात, हृदयाला ढकलायला काही उरत नाही. अशा वेळी मीठपाण्याने तेवढी पोकळी भरून काढली की रक्त येईपर्यंत वेळ मिळतो. ही युक्ती जुनी आहे. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ गावी कॉलऱ्याच्या साथीत डॉ. थॉमस लाटा यांनी मरणाला टेकलेल्या रुग्णांच्या नसेत खारं पाणी सोडलं आणि त्यातले काही उठून बसले. पुढे लंडनच्या सिडनी रिंगर यांनी त्यात कॅल्शियम-पोटॅशियमचं प्रमाण बसवलं, अमेरिकेत ॲलेक्सिस हार्टमन यांनी लॅक्टेट घातलं आणि आपण ज्याला 'आरएल' म्हणतो ते तयार झालं. मोठ्या प्रमाणात द्यायचं असेल तर साध्या नॉर्मल सलाईनपेक्षा आरएल बरं, कारण नुसत्या मीठपाण्यातल्या जादा क्लोराइडने रक्तातली आम्लता वाढते.

पण कॉलऱ्यात पाणी गेलेलं असतं आणि पाणीच भरून द्यायचं असतं. तुमच्या पत्नीचं रक्त गेलं होतं. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी घालत गेलो तर भांडं भरलेलं दिसतं, पण पानात डाळ येत नाही. सलाईनमध्ये प्राणवायू वाहणाऱ्या पेशी नाहीत, रक्त गोठवणारे घटक नाहीत, गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी नाहीत. शिवाय ते नसांत टिकतही नाही. लिटरभर दिलं तर तासाभराने जेमतेम पाव लिटर रक्तवाहिन्यांत उरतं, बाकीचं झिरपून अंगात उतरतं. तोंड सुजलं होतं ते त्यामुळे. खोलीच्या तापमानातलं सलाईन भराभर गेलं की अंग गार पडतं, आणि गार पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही. त्यात उरलेले गोठवणारे घटक पाण्याने आणखी पातळ झालेले. थंडावा, आम्लता आणि न गोठणारं रक्त ही तीन संकटं एकमेकांना वाढवत नेतात. सिस्टर 'गोठत नाहीये' म्हणाल्या त्याचा अर्थ हा होता, आणि म्हणूनच जिल्ह्याला तिला रक्ताबरोबर चार प्लाझ्मा, म्हणजे गोठवणारे घटक असलेलं रक्तातलं पिवळं पाणी, चढवले. ज्याने कोणी तो निर्णय पटकन घेतला त्याने तिचा जीव वाचवला.

ती महागडी बाटली बहुधा जिलेटिन किंवा स्टार्चचं द्रावण असावं. ती नसांत जास्त वेळ टिकते म्हणून एके काळी आम्ही सगळेच तिच्यावर फार विसंबत होतो. मग २०१२ मध्ये मोठ्या चाचण्यांतून कळलं की अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या किडन्यांना स्टार्च बाधतं, आणि युरोपात २०२२ मध्ये त्याचा परवानाच स्थगित झाला. बाळंतपणातल्या रक्तस्रावात साधं सलाईन किंवा आरएलच वापरा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढच्या वेळी कोणी तशी बाटली आणायला सांगितली तर वाद घालत बसू नका. पण 'रक्त कधी येतंय?' हा प्रश्न मात्र लावून धरा.

त्या दिवशीचा खरा मुद्दा मला वाटतो तो हा : रक्त मागवायला आणि पुढे पाठवायला सुरुवात किती वाजता झाली? तरुण बाईचं शरीर फार सोसतं. तीस टक्के रक्त गेलं तरी बीपी बऱ्यापैकी दिसू शकतं आणि सगळे निर्धास्त राहतात. आधी वाढते ती नाडी. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याला गाठायला लागला, म्हणजे नाडी ११० आणि बीपी ११०, तर परिस्थिती गंभीर आहे असं समजायचं. आणि गेलेलं रक्त नजरेने मोजता येत नाही. चादरीत, कापसात, पलंगाखाली ते हरवतं, म्हणून अंदाज नेहमी कमीच निघतो. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांच्या चाचणीत निम्म्या ठिकाणी बाळंतिणीखाली मापाच्या रेघा असलेली प्लास्टिकची चादर-पिशवी लावली आणि ठरावीक पातळी गाठली की सगळे उपचार एकदम सुरू केले. गर्भाशय चोळणं, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी, हे सगळं एकामागून एक वाट बघत नव्हे, एकत्रच. २०२३ मध्ये निकाल आले, तेव्हा त्या ठिकाणी गंभीर रक्तस्राव आणि त्यापुढचे प्रसंग ६० टक्क्यांनी कमी झाले होते. त्यात कुठलंही कृत्रिम रक्त नव्हतं.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं नाव लक्षात ठेवा. जपानने जगाला दिलेली ही देणगी मात्र खरोखर तुमच्या उपयोगाची आहे. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये हे औषध जगापुढे आणलं. बाळंतपणानंतर जीव घेणारा रक्तस्राव थांबवण्यासाठी काहीतरी मिळावं, हीच उताकोबाईंची इच्छा होती, आणि बाळंतिणींवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल २०१७ मध्ये आले, त्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. गोठलेलं रक्त पुन्हा विरघळू न देण्याचं काम ते करतं. रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत एक ग्रॅम नसेतून द्यावं लागतं, आणि दर पाव तासाच्या उशिराने त्याचा गुण घटत जातो. स्वस्त आहे, फ्रीज लागत नाही. तुमच्या प्रसूती केंद्रात ते आहे का हे आधी विचारून ठेवा. स्वतः देण्याचं औषध हे नव्हे.

आता तुमचं रक्त. तुम्हाला रक्त द्यावंसं वाटतं हे चांगलं आहे, पण तुमचं रक्त तुमच्या पत्नीला चढवायचं नाही. गट ओ पॉझिटिव्ह जुळला तरी तांबड्या पेशींवर इतर अनेक खुणा असतात, आणि तुमच्या खुणा तुमच्या बाळांनाही मिळतात. तुमचं रक्त तिच्या अंगात गेलं तर तिचं शरीर त्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करू शकतं आणि पुढे ती बाळाच्या रक्तावर उठू शकतात. मूल होण्याच्या वयातल्या बाईला नवऱ्याचं रक्त देऊ नये, हा रक्तपेढीचा जुना नियम आहे. तुम्ही रक्तपेढीत जाऊन जरूर द्या, ती पिशवी दुसऱ्या कोणाला लागेल आणि दुसऱ्याची तुमच्या पत्नीला. आधी काढून तीन महिने ठेवताही येत नाही. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर, पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवसच टिकतात. प्लेटलेट तर फक्त पाच दिवस, त्याही सतत हलत्या ठेवून.

यातूनच एक तपासणी निघते, आणि ती तुम्हाला कोणी सांगितलेली नसावी असं पत्रावरून दिसतं. मागच्या वेळी तिला तीन पिशव्या चढल्या आहेत. तेव्हाच तिच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली असण्याची शक्यता आहे. त्यासाठी 'इनडायरेक्ट कूम्ब्ज टेस्ट' नावाची रक्ततपासणी याच महिन्यात करून घ्या. गट निगेटिव्ह असलेल्या बायकांची ती करतात म्हणून 'तुम्हाला गरज नाही' असं कोणी म्हणेल. मग मागे रक्त चढवल्याचा डिस्चार्ज कार्डावरचा कागद दाखवा.

या तपासणीवर मी एवढा जोर का देते? माझी नोकरी रक्तपेढीच्या त्या खिडकीच्या आतल्या बाजूला गेली. बाहेर नातेवाईक हात आत घालून चिठ्ठी पुढे करतात, 'मॅडम, पिशवी द्या ना, फ्रीजमध्ये तर दिसतेय.' आत आम्ही रुग्णाच्या रक्ताची नळी फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करतो, त्यात पिशवीतल्या पेशींचा थेंब घालतो, ३७ अंशांवर ठेवतो, पुन्हा फिरवतो आणि नळी उजेडात धरून तळाशी गुठळ्या होतात का ते बघतो. या क्रॉसमॅचला पाऊण तास जातो. प्लाझ्मा गोठवलेला दगड असतो, तो वितळायला अर्धा तास. प्रतिपिंडं असतील तर एकामागून एक पिशव्या जुळत नाहीत आणि पाऊण तासाचे कित्येक तास होतात. ओ गटाच्या बाबतीत आणखी एक शक्यता आम्ही कधी विसरत नाही. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' साध्या तपासणीत ओ सारखाच दिसतो, पण त्याला ओ चं रक्तही चालत नाही. तुमच्या पत्नीला ओ चं रक्त चाललं आहे, तेव्हा ती काळजी सोडा. ही प्रतिपिंडांची भानगड मात्र आधी कळलेली असली तर योग्य पिशव्या शोधून ठेवता येतात.

हिमोग्लोबिन ९.२ हे कमी आहे, आणि सगळ्यात आधी हात घालायचा तो इथे. अकराच्या वर असलेली बाई जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढा नवावरची सोसत नाही. अजून तीन महिने आहेत, पुष्कळ करता येईल. पण तुमच्या भागात लोहाच्या गोळ्यांआधी सिकलसेलची तपासणी झालेली हवी. सातपुड्याच्या पट्ट्यात तांबड्या पेशींचा तो आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि तो असेल तर उपचाराची दिशाच बदलते. ते नसेल तर लोहाची गोळी रोज, लिंबू-आवळ्याबरोबर, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब. महिन्याभराने पुन्हा तपासा. चढलं नसेल तर नसेतून द्यायच्या लोहाविषयी डॉक्टरांना विचारा. त्यासाठी रक्त चढवून घ्यायची गरज सहसा पडत नाही.

बाळंतपण कुठे करायचं ते पुढच्याच तपासणीत ठरवा. जिथे रक्तपेढी किंवा चालू असलेलं रक्त साठवण केंद्र आहे, भूलतज्ज्ञ आहे आणि रात्रीही शस्त्रक्रिया होते, अशाच ठिकाणी. 'केंद्र आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. आज ओ पॉझिटिव्हच्या किती पिशव्या आहेत, हे विचारा. नववा महिना लागला की त्या गावी नातेवाइकांकडे मुक्काम हलवा, कळा सुरू झाल्यावर घाट उतरत बसू नका. दाखल होतानाच क्रॉसमॅचसाठी नमुना पाठवायला सांगा. सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, त्याचे पैसे देऊ नका. गावातली चार-पाच धडधाकट माणसं हेरून ठेवा, वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर. त्यांना बाळंतपणाच्या रात्री नव्हे, त्याआधी दोन-तीन आठवडे रक्तपेढीत पाठवा, म्हणजे साठा तपासून तयार असतो. पैसे घेऊन रक्त देणारा माणूस कोणी सुचवला तर त्याला दारातही उभं करू नका. ते १९९८ पासून बंद आहे, आणि बंदी रुग्णांच्या जिवासाठीच आहे.

घरी आल्यावरही पहिला दिवस डोळ्यात तेल घालून काढा. तासाभरात एकाहून जास्त पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, घेरी, थंड घाम, यातलं काहीही दिसलं तर लगेच १०८. गाडी येईपर्यंत तिला आडवी ठेवा, पांघरूण घाला, लघवी होत असेल तर करू द्या, बाळ छातीशी लावा.

तुमच्या पत्रात एका माणसाचं म्हणणं कुठेच नाही, तुमच्या पत्नीचं. त्या रात्रीचं तिला काय आठवतं, ती किती घाबरली आहे, हे तिला विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. पुढच्या तपासणीला तिच्यासोबत आत जा आणि मागचा डिस्चार्ज कार्ड तिच्याच हातात द्या, म्हणजे डॉक्टर तिच्याशी बोलतील.

कूम्ब्ज टेस्टचा रिपोर्ट आला की मला कळवा. निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना विचारून शेवटच्या महिन्यात ती एकदा परत करा. पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, पण तो कागद घेऊन त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत जा आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. नेमकी कुठली प्रतिपिंडं आहेत ते शोधायला त्यांना नमुना मोठ्या केंद्रात पाठवावा लागेल, आणि त्याला वेळ लागतो.